सुपर बोल ५९: बार्कलीच्या ५७ यार्डांचं मोल किती?

शशांक_फिली (धागाकर्ता), १० फेब्रुवारी २०२५

अमेरिकन फुटबॉलचा अंतिम सामना, म्हणजे सुपर बोल: फिलाडेल्फिया ईगल्स ४०, कॅन्सस सिटी चीफ्स २२. न्यू ऑर्लिन्सच्या सुपरडोममध्ये काल जे घडलं त्यासाठी आमच्या बचावफळीवर कौतुकाचा वर्षाव चालू आहे आणि तो रास्त आहे. मध्यंतरापर्यंत चीफ्सना अवघे २३ यार्ड मिळाले होते, त्यांचा क्वार्टरबॅक (पास टाकणारा) महोम्स सामन्यात सहा वेळा सॅक झाला, म्हणजे पास टाकण्याआधीच पाडला गेला, तेही आमचे बचाव प्रशिक्षक फँजिओ यांनी ब्लिट्झ, म्हणजे त्याच्यावर धावून जायला जादा माणसं, न पाठवता. पण हा धागा रनिंग बॅकसाठी, म्हणजे चेंडू घेऊन धावणाऱ्यांसाठी, काढतोय. ऑफिसात, व्हॉट्सअपवर, ट्रेनमध्ये सकाळपासून एकच ऐकतोय की आमचा रनिंग बॅक बार्कली चाललाच नाही.

आकडे आधी. २५ कॅरी (चेंडू घेऊन केलेल्या धावा), ५७ यार्ड, टचडाउन शून्य. सरासरी २.३, आणि नियमित हंगामात त्याची सरासरी होती ५.८. एवढंच बघितलं तर निकाल लागल्यासारखा वाटतो.

आता प्लेऑफमधला, म्हणजे बाद फेरीतला, रॅम्सविरुद्धचा सामना आठवा, १९ जानेवारीचा, बर्फातला. २६ कॅरी, २०५ यार्ड. त्यात ६२ आणि ७८ यार्डांच्या दोन धावा होत्या, दोन्ही टचडाउन. त्या दोन बाजूला काढा. उरतात २४ कॅरी आणि ६५ यार्ड. सरासरी २.७! ज्या सामन्यासाठी आपण त्याला डोक्यावर घेतलं, त्यातही बहुतेक वेळा तो दोन-तीन यार्डांतच खाली पडला होता. पुढच्या आठवड्यात वॉशिंग्टनविरुद्ध पहिल्याच कॅरीला ६० यार्ड, आणि नंतरच्या १४ कॅरीत ५८.

माझं म्हणणं असं की बार्कलीचा खेळ पहिल्यापासून असाच आहे. तो भिंतीवर पुन्हा पुन्हा जातो आणि एखादा लाइनबॅकर, म्हणजे बचावाच्या मधल्या फळीतला खेळाडू, अर्ध्या पावलाने चुकला की सामना संपतो. चीफ्सचे बचाव प्रशिक्षक स्पॅग्नुओलो यांनी ती एक चूक चार क्वार्टर होऊ दिली नाही. त्यांना पूर्ण श्रेय. पण ती चूक टाळायला त्यांनी काय मोजलं ते बघा. आमचा क्वार्टरबॅक हर्ट्स २२ पैकी १७ पास, २२१ यार्ड, दोन टचडाउन. शिवाय स्वतः धावून ११ कॅरीत ७२ यार्ड, म्हणजे सुपर बोलमध्ये क्वार्टरबॅकने धावून काढलेले आजवरचे सर्वाधिक. आधीचा ७० चा विक्रमही त्याचाच, दोन वर्षांपूर्वी याच चीफ्सविरुद्धचा. सगळ्यांच्या नजरा २६ नंबरवर (बार्कली) खिळल्या की एक नंबरला (हर्ट्स) मोकळं रान मिळणारच.

माझे गुण, दहापैकी:

बार्कली ८. धावून ५७, झेल ६ आणि त्यांचे ४० यार्ड, म्हणजे एकूण ९७. चेंडू एकदाही सुटला नाही. बॅकफिल्डमध्ये, म्हणजे आपल्याच लाइनच्या मागे, अडकला तेव्हाही पडताना पुढेच पडायचा प्रयत्न. हे आकड्यांत दिसत नाही, पण दुसऱ्या डाउनला, म्हणजे दहा यार्डांसाठीच्या चारपैकी दुसऱ्या प्रयत्नाला, आठ यार्ड हवेत की अकरा, ते यावरच ठरतं.

गेनवेल (बार्कलीचा बदली बॅक) ५.५. सहा कॅरी, १० यार्ड, बहुतेक सामना खिशात पडल्यावर. त्याच्याकडून तेव्हा घड्याळ चालू ठेवण्यापलीकडे काही अपेक्षित नव्हतं आणि ते त्याने केलं.

चीफ्सच्या हंट आणि पाचेकोला गुण देत नाही. दोघांच्या मिळून सहा कॅरी झाल्या. त्यावर काय बोलणार?

---

आकडेमोड_अंकुश

सविस्तर लिहिलंस, रॅम्सच्या सामन्याची फोड तर फारच आवडली. पण ८ गुण मला मान्य नाहीत.

रनिंग बॅकची कॅरी यशस्वी की अयशस्वी हे मोजायची एक सोपी पद्धत आहे. पहिल्या डाउनला हव्या असलेल्या अंतराच्या साधारण ४० टक्के, दुसऱ्याला ६० टक्के, तिसऱ्या-चौथ्याला पूर्ण अंतर. तेवढं मिळालं तर यशस्वी. म्हणजे पहिल्या डाउनला दहा हवे असताना चार मिळाले तर चांगलं, दोन मिळाले तर ती कॅरी वाया. काल पहिल्या डाउनला बार्कलीच्या हातात चेंडू देऊन आपण किती वेळा दुसरा डाउन आणि आठ-नऊ यार्ड अशा अडचणीत सापडलो ते परत पाहा. हर्ट्सने त्यातून बाहेर काढलं म्हणून ते खुपलं नाही.

लांब धावा काढून टाकून सरासरी लावणंही मला थोडं खटकतं. लांब धाव हेच तर त्याचं काम. काल ते झालं नाही. तेव्हा ६, फार तर साडेसहा.

---

नवखा_प्रेक्षक

पुण्यातून पहाटे पाचला उठून पाहिला. मी या हंगामातच बघायला लागलो, त्यामुळे प्रश्न अगदी प्राथमिक आहे. समोर माणसांची भिंत दिसत असताना दोन यार्डांसाठी पुन्हा पुन्हा तिथेच का जायचं? सरळ पासच का नाही करायचे?

---

जयू_ताई

@नवखा_प्रेक्षक, प्राथमिक काय, तुमच्या प्रश्नातच सगळं आहे.

कबड्डीतला नावाजलेला चढाईपटू आठवा. तो रिकाम्या हाताने परतला तरी त्या तीस सेकंदांत समोरचे सातही जण त्याच्याकडे तोंड करून मागे सरकलेले असतात. पुढच्या चढाईला दुसरा कुणी जातो तेव्हा त्याला कोपरा मोकळा मिळतो. बार्कलीची दोन यार्डांची धाव हे काम करते.

तांत्रिक बाजू अशी. बचावाकडे अकराच माणसं. धाव रोखायची तर त्यातली जास्त माणसं लाइनच्या जवळ, म्हणजे बॉक्समध्ये, आणावी लागतात. मागे राखण करणारा सेफ्टी पुढे आला की पास झेलणाऱ्या रिसीव्हरसमोर त्याच्यावर पहारा देणारा एकटा कॉर्नरबॅक उरतो. मग क्वार्टरबॅक चेंडू बॅकला दिल्याचं नुसतं नाटक करतो, त्याला प्ले ॲक्शन म्हणतात. लाइनबॅकर दोन पावलं पुढे धावतात आणि त्यांच्या डोक्यावरून पास जातो. हे नाटक खरं वाटायला आधी खरोखरच चेंडू द्यावा लागतो, आणि ज्याला द्यायचा त्याची धास्तीही असावी लागते.

आणखी एक. धाव मैदानात संपली की घड्याळ चालू राहतं, अपुऱ्या पासवर ते थांबतं. काल चेंडू आपल्याकडे जवळपास ३७ मिनिटं होता. समोर महोम्स असेल तर त्याला बाकावर बसवून ठेवणं हाही बचावच.

---

आकडेमोड_अंकुश

जयूताई, प्ले ॲक्शन चालायला आधी धाव चालावीच लागते असं आकडे सांगत नाहीत. लाइनबॅकर सवयीनेही फसतात, समोरच्या संघाची धाव त्या दिवशी चालत नसली तरी. बाकी मान्य.

---

जयू_ताई

मग तर मुद्दा आणखी पक्का होतो, अंकुश. वर्षभर ज्याने २,००५ यार्ड काढले त्याला बघून पावलं आपोआप पुढे पडणारच. कालच्या २.३ सरासरीने ती धास्ती एका संध्याकाळीत पुसली गेली नाही. हर्ट्सने डीव्हॉन्टा स्मिथला टाकलेला ४६ यार्डांचा पास आठव.

---

एडिसनकर

मी जायंट्सवाला, त्यामुळे हा धागा वाचताना पोटात तुटतंय. बार्कली म्हणजे २०१८ च्या ड्राफ्टमध्ये (नव्या खेळाडूंच्या निवडीत) दुसऱ्या क्रमांकावर घेतलेला आमचा पोरगा. २०२० मध्ये गुडघ्याचं लिगामेंट फाटलं, त्यातून उठला, आणि २०२४ च्या मार्चमध्ये आमच्या लोकांनी त्याला हातचा जाऊ दिला. तीन वर्षं, ३ कोटी ७७ लाख ५० हजार डॉलर, तेही आमच्याच विभागातल्या संघाकडे. हंगाम संपला तेव्हा ईगल्स १४-३ आणि आम्ही ३-१४.

पण इथे मला दुसरं सांगायचंय. गेली कित्येक वर्षं रनिंग बॅकला मोठे पैसे देऊ नका हे जवळपास शास्त्र झालं होतं. २०२३ च्या उन्हाळ्यात बार्कली, जेकब्स आणि पोलार्ड तिघेही फ्रँचायझी टॅगवर, म्हणजे संघाने लादलेल्या एका वर्षाच्या करारावर, अडकले. मनासारखा लांबचा करार बार्कली आणि जेकब्सना मिळाला नाही. लीगमधल्या बॅकनी एकत्र व्हिडिओ कॉल करून आपलं गाऱ्हाणं मांडलं होतं. वर्षभरात बार्कली फिलीला, डेरिक हेन्री बॉल्टिमोरला आणि जेकब्स ग्रीन बेला गेला. हेन्रीने तिशी उलटल्यावर १,९२१ यार्ड काढले, जेकब्सने १,३२९. तिन्ही संघ प्लेऑफमध्ये. म्हणून एका सामन्याच्या ५७ यार्डांवरून बार्कलीवर शिक्का मारू नका. चांगली लाइन असलेल्या संघात चांगला बॅक काय करू शकतो याचं उत्तर वर्षभर मिळालंय.

---

रांगडा_गडी

चांगली लाइन, हेच शेवटी खरं. आमच्या बिचाऱ्या लाइनमनची, म्हणजे पुढे भिंत धरून बॅकला वाट काढून देणाऱ्यांची, नावं कुणी घेत नाही, म्हणून मी घेतो. डावीकडून मेलाटा, डिकर्सन, जर्गन्स, बेक्टन, जॉन्सन. मेलाटा तर ऑस्ट्रेलियात रग्बी लीग खेळून आलेला, ड्राफ्ट होण्याआधी अमेरिकन फुटबॉलचा एक सामनाही न खेळलेला. त्याला जगातल्या उत्तम लेफ्ट टॅकलपैकी एक बनवलं ते प्रशिक्षक जेफ स्टाउटलंड यांनी.

पण काल मधली फळी धडधाकट नव्हती. डिकर्सनचा गुडघा वॉशिंग्टनच्या सामन्यात दुखावलेला, जर्गन्सची पाठ धरलेली. दोघे दुखणी अंगावर घेऊन उतरले. समोर चीफ्सचा ख्रिस जोन्स. मधून धाव निघाली नाही याचं मला तरी मोठं कारण हेच वाटतं. बॅकला चेंडू मिळाल्यावर पहिला धक्का लाइनच्या मागेच बसणार असेल तर त्यात त्याचा काय दोष? धक्का बसायच्या आधी किती यार्ड आणि धक्क्यानंतर किती, हे वेगळं मोजल्याशिवाय बॅकची परीक्षा होत नाही. पहिलं लाइनचं, दुसरं बॅकचं.

शशांकने टचडाउन शून्य असं लिहिलंय, त्यावरही एक. ईगल्सच्या बॅकला टचडाउनवरून कधीच जोखू नका. एक यार्ड राहिला की आपण हर्ट्सला मागून ढकलतो. काल पहिला टचडाउनही असाच आला. नियमित हंगामात धावून हर्ट्सचे १४ आणि बार्कलीचे १३. दुसऱ्या कुठल्याही संघात त्यातले बरेचसे बार्कलीच्या नावावर असते.

---

कॅन्सस_सिटीकर

हरलेल्या बाजूकडून लिहितो. आमच्या बॅकवर एका ओळीत बोळवण झाली, म्हणून थोडं सविस्तर.

हंट ३ कॅरी ९ यार्ड, पाचेको ३ कॅरी ७ यार्ड. पूर्ण संघाच्या ११ कॅरी, ४९ यार्ड, त्यातले २५ महोम्सचे. मध्यंतराला २४-० मागे असताना धाव हा पर्याय राहतच नाही हे मान्य. पण सामना ०-० किंवा ७-० असतानाही आम्ही धावेवर विश्वास दाखवला नाही. समोरच्या संघाने ब्लिट्झ न पाठवता सात जण मागे पासवर ठेवले होते. अशा वेळी शास्त्राप्रमाणे धाव मोकळी असते. ती आम्ही नीट आजमावलीच नाही, याचं मला सर्वात जास्त दुःख आहे.

पाचेकोबद्दल विशेष वाटतं. २०२२ च्या ड्राफ्टमध्ये सातव्या फेरीत निवडलेला. सुपर बोल ५७ मध्ये याच ईगल्सविरुद्ध १५ कॅरी, ७६ यार्ड, एक टचडाउन, आणि आम्ही ३८-३५ जिंकलो. या हंगामात दुसऱ्याच आठवड्यात पायाचं हाड मोडलं, नोव्हेंबरच्या शेवटी परतला, पण ती जमीन फोडत जाणारी पावलं दिसली नाहीत. गार्ड थुनीला टॅकलच्या जागी सरकवावं लागलं, त्यामुळे लाइनही विस्कटलेली. हंटला सप्टेंबरमध्ये परत आणलं आणि त्याने वर्षभर भार उचलला, पण त्याच्या धावेत आता लांब उडी नाही. २०१७ मध्ये लीगमध्ये सर्वाधिक यार्ड काढणारा हंट आता तीन यार्ड हवे असताना साडेतीन आणून देणारा बॅक आहे. त्यालाही किंमत आहे, फक्त आमच्याकडे दुसऱ्या टोकाला वेगवान कुणी नव्हता.

माझे गुण: दोघांनाही ४, आणि नियोजनाला २.

---

एडिसनकर

पाचेको आमच्या रटगर्स विद्यापीठाचा पोरगा! वाइनलँड, दक्षिण न्यू जर्सी. कॉलेजात असल्यापासून तो असाच पळतो, मैदानावर राग असल्यासारखा. पाय पूर्ण बरा होऊन परत तसा दिसावा, जर्सी कुठलीही असो.

---

ओवी

विक्रमाबद्दल कुणीच लिहिलं नाही! नियमित हंगाम आणि प्लेऑफ मिळून बार्कलीचे २,५०४ यार्ड झाले. टेरेल डेव्हिसचा १९९८ चा विक्रम २,४७६ चा. काल उतरताना त्याला मोडायला ३० हवे होते. आणि कालच त्याचा अठ्ठाविसावा वाढदिवस. आमच्या बचावफळीतल्या कूपर डीजीनचाही वाढदिवस होता, त्याने महोम्सचा पास पकडून ३८ यार्ड पळत टचडाउन केला. एका मैदानावर दोन वाढदिवस!

---

आकडेमोड_अंकुश

ओवी, विक्रम मोठाच आहे, पण डेव्हिसने तो १९ सामन्यांत केला होता, बार्कलीने २० मध्ये. दर सामन्याला डेव्हिसचे १३०, बार्कलीचे १२५. डेव्हिसच्या ब्रॉन्कोसना त्या वर्षी पहिल्या फेरीत सुट्टी होती, म्हणून त्याला तीनच प्लेऑफ सामने मिळाले.

---

शशांक_फिली (धागाकर्ता)

अंकुश, हिशोब बरोबर. पण मग दुसरी बाजूही धर. डिकर्सनचा, म्हणजे एरिक डिकर्सनचा, १९८४ चा एका हंगामाचा विक्रम २,१०५ चा आहे. तो मोडायला बार्कलीला १०१ यार्ड हवे होते आणि शेवटचा सामना जायंट्सविरुद्ध होता, ज्यांनी त्याला सोडलं त्यांच्याविरुद्ध. संघाने त्याला विश्रांती दिली आणि तो बसला. वैयक्तिक विक्रमासाठी हट्ट धरला असता तर कुणी नाही म्हटलं नसतं. त्याच्या मूल्यमापनात मी हेही धरतो.

वरच्या प्रतिसादांतून माझ्यापुरतं एक पटलं. रांगडा_गडी म्हणतोय ते धक्क्याआधीचे आणि नंतरचे यार्ड वेगळे करायला हवेत. या शनिवारी सामना पुन्हा लावून कॅरीमागून कॅरी लिहून काढणार आहे: डाउन, अंतर, बॉक्समध्ये किती माणसं, पहिला धक्का कुठे, आणि ब्लिट्झ आला तर बार्कलीने तो अडवला का. पासच्या वेळी बॅक कुणाला अडवतो हे टीव्हीवर पटकन दिसत नाही, कारण कॅमेरा चेंडूमागे जातो. पण तिसऱ्या डाउनला प्रशिक्षक कुणाला मैदानात ठेवतात याचं उत्तर बहुतेकदा तिथेच असतं. गेनवेलला अनेकदा त्या वेळी उतरवतात ते काही त्याच्या धावेसाठी नव्हे.

८ गुण मात्र कायम.

---

जयू_ताई

मला काळजी वेगळीच आहे. नियमित हंगामात ३४५ कॅरी, प्लेऑफमध्ये ९१. म्हणजे एका वर्षात ४३६ वेळा त्याला दीडशे किलोच्या माणसांनी आपटलं, झेलांवरचे टॅकल वेगळेच. डेव्हिसचंच उदाहरण घ्या. १९९८ च्या त्या हंगामानंतर पुढच्या वर्षी चौथ्याच सामन्यात त्याचा गुडघा गेला आणि तो पुन्हा पूर्वीसारखा कधीच खेळला नाही. कालच्या सामन्यात लांब धाव निघाली नाही यात चीफ्सच्या बचावाबरोबर थकलेल्या पायांचाही वाटा असेल का?

---

रांगडा_गडी

असू शकतो, ताई. पण आदल्या दोन सामन्यांत ७८, ६२ आणि ६० च्या धावा काढणारे पाय थकलेले म्हणवत नाहीत. पुढच्या वर्षी मात्र भार वाटलाच पाहिजे. शिपलीला जास्त कॅरी द्या. वॉशिंग्टनविरुद्ध चार कॅरीत ७७ यार्ड काढले पोराने, पहिल्याच वर्षी. शेवटच्या क्वार्टरमध्ये सामना हातात असताना २६ नंबरला बाकावर बसवायची शिस्त लावून घ्यायला हवी.

---

नवखा_प्रेक्षक

सगळ्यांचे आभार. जयूताईंनी सांगितल्यावर तिसरा क्वार्टर पुन्हा लावला आणि या वेळी चेंडू सोडून फक्त लाइनबॅकरच्या पायांकडे पाहिलं. नाटक केल्यावर ते खरंच पुढे येतात! शशांक, तुमचा कॅरीचा तक्ता झाला की इथेच टाका.

---

कॅन्सस_सिटीकर

तक्ता टाकाच, मीही ताडून पाहीन. आणि पुढच्या हंगामात ईगल्स नियमित सामन्यासाठी आमच्या ॲरोहेड मैदानावर येणार आहेत. बार्कलीसमोर स्पॅग्नुओलो हाच डाव पुन्हा मांडतात की हर्ट्सला रोखायला माणसं मागे घेतात, हे मला बघायचंय. इथल्या घरी जागा आहे, फिलीवाल्यांपैकी कुणी येणार असेल तर आधी कळवा.